आईला सेंट मेरी बेटावरचे षटकोनी दगड दाखवायचेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सोलापूरहून कसं न्यावं?

ज्वारीचं_कणीस
१४ ऑक्टोबर, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझी आई झेडपीच्या शाळेत ३१ वर्षं शिकवत होती, भूगोल तिचा जीव की प्राण, शेवटची १२ वर्षं मंगळवेढा तालुक्यात होती आणि आता रिटायर होऊन ४ वर्षं झाली. ज्वालामुखीचा धडा आला की ती फळ्यावर खडूने षटकोन काढायची, एकाला एक चिकटून, मधमाशीच्या पोळ्यासारखे, आणि सांगायची की लाव्हा थंड होताना त्याचे असे खांब होतात आणि आपल्या देशात असे खांब समुद्रातल्या एका बेटावर आहेत, कर्नाटकात, उडुपीजवळ मलपेला. मी पण तिच्याच वर्गात होते एक वर्ष, तो फळा मला अजून जसाच्या तसा दिसतो.

पण तिने स्वतः ते बेट कधी बघितलं नाही. पगार, आमची शिक्षणं, आजीचं आजारपण, राहून गेलं ते राहूनच गेलं. मागच्या आठवड्यात भावाने मोबाईलवर तिथला एक व्हिडिओ दाखवला तर तिने तो तीनदा बघितला आणि मग मोबाईल परत देत म्हणाली, आता माझं कुठलं व्हायचंय तिथं जाणं. मला रात्रभर झोप लागली नाही.

तर आता ठरवलंय, डिसेंबरात न्यायचंच. अडचण अशी की तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पावणेदोन वर्षं झालीत, वाटी बदललीय. सपाटीवर ती अर्धा तास आरामात चालते, जिन्याला कठडा धरून चढते, पण खाली मांडी घालून बसणं नाही आणि उडी वगैरे तर अजिबात नाही. बेटावर बोटीतून उतरताना पाण्यात उतरावं लागतं असं कुठंतरी वाचलं, ते खरं का? खांब बघायला खडकावर चढावं लागतं का? सोलापूरहून रेल्वेने बरं पडेल का गाडीने, भाऊ चालवतो गाडी. आणि एवढ्या लांब नेऊन तिला लांबूनच बघावं लागलं तर तिला जास्त वाईट वाटेल, म्हणून जे आहे ते खरं सांगा. गोड बोलू नका.

होटगी_रोड
१४ ऑक्टोबर, रात्री १०:३१

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलतो, आई-वडील दोघं बरोबर, वडील तेव्हा ७१. जमतंय, काळजी करू नका, पण तयारीनं जा.

रस्त्याचं आधी सांगतो. आपला विजापूरचा हायवे आहे ना, ५२ नंबर, तोच सरळ धरायचा. टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक, मग विजापूर, कोल्हारला कृष्णेवरचा तो लांबच लांब पूल, पुढं हुबळी, यल्लापूर, अरबैल घाट आणि तो हायवे थेट अंकोल्याला समुद्राजवळ जाऊनच संपतो. म्हणजे सोलापुरातनं एकच रस्ता धरला की समुद्र, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतंय. अंकोल्याला डावीकडं वळून ६६ नंबरचा किनाऱ्याचा हायवे, कुमठा, होन्नावर, भटकळ, कुंदापूर, उडुपी. सगळं मिळून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर धरा. एका दमात करू नका, भावाला पण त्रास आणि आईचा गुडघा आखडतो. आम्ही हुबळीत मुक्काम केला, सकाळी लवकर निघालो, घाट उजेडात उतरलो, दुपारी मुर्डेश्वरला थांबलो आणि संध्याकाळी उडुपी. दर दीड तासानं गाडी थांबवून आईंना १० मिनिटं चालवा, आमच्या डॉक्टरांनी वडिलांना हेच सांगितलेलं.

रेल्वे म्हणाल तर सोलापूरहून हुबळीपर्यंत गाडी मिळते, तिथनं पुढं बस. नाहीतर सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईकडं जाऊन ठाणे किंवा पनवेलला मत्स्यगंधा पकडायची, ती कोकण रेल्वेनं उडुपीला सोडते. उलटा वळसा आहे पण झोपून जाता येतं. वेळा बघून घ्या, बदलतात. मला विचाराल तर गाडी, कारण तुमच्या मनासारखं थांबता येतं.

आता बोटीचं. मलपे बंदरातनं बोट सुटते, माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, वीस-पंचवीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. आम्ही गेलो तेव्हा मोठी बोट बेटापासून थोड्या अंतरावर थांबली आणि तिथं छोट्या होडीत उतरवलं, मग होडी वाळूला लागली की घोट्याच्या वर पाणी. ती एकच जागा अवघड आहे, एका बोटीतनं दुसऱ्या बोटीत पाय टाकायची, दोन्ही बोटी हलत असतात. पण तिथली पोरं सरावलेली आहेत, दोघांनी दोन्ही दंड धरून माझ्या वडिलांना अलगद घेतलं. आधी सांगा की गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ऐनवेळी सांगू नका. चपलांऐवजी मागनं पट्टा असलेले रबरी सँडल घाला, ओले झाले तरी निसटत नाहीत.

रविवारी जाऊ नका म्हणजे नकाच. मधल्या वारी, पहिली बोट.

आणि धपाटे, कडक भाकरी, शेंगाची चटणी प्रवासाला घ्या. वडिलांना तिकडचा खोबरेल तेलाचा वास सोसवला नाही, दोन दिवस भाकरीवरच काढले.

भटक्या_सोलापुरी
१४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

माझं मत वेगळंय, राग मानू नका. मी मित्रांसोबत गेलो होतो, अर्ध्या तासात बघून झालं, दगड आहेत, नारळाची झाडं आहेत, शिंपले आहेत, संपलं. पोहायला पण धड नाही, खडकाळ आहे सगळं. एवढ्यासाठी ऑपरेशन झालेल्या माणसाला ६०० किलोमीटर न्यायचं म्हणजे मला तरी पटत नाही. हरिहरेश्वरला जा, तिथं पण काळे खडक आहेत लाटांनी कोरलेले, देवदर्शन पण होतं.

दगडमाती
१५ ऑक्टोबर, सकाळी ७:१८

भटक्या, तुमचं म्हणणं समजलं, पण ज्या बाईंनी ३१ वर्षं तो खांब फळ्यावर काढलाय त्यांना अर्धा तास पुरणार नाही, दिवस पुरणार नाही. शिवाय हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट भरतीला बंद असते आणि तिथं खडकातल्या पायऱ्या उतराव्या लागतात, या गुडघ्याला ते बेटापेक्षा अवघड आहे. मी भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, ताई तुमच्या आईला वाचून दाखवा, त्यांना आवडेल.

पहिली गोष्ट, बऱ्याच ठिकाणी या बेटांना बेसाल्टचे खांब म्हणतात, पण तो आपला बेसाल्ट नाही. आपल्या सोलापूरच्या खालचा दगड म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट, त्यात सिलिका साधारण ५० टक्के, पातळ लाव्हा, लांबवर वाहत गेलेला, म्हणून एकावर एक थर पसरले आणि डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. दख्खन ट्रॅप म्हणतात त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलाय. सेंट मेरीचा दगड रायोलाइट आणि रायोडेसाइट या जातीचा, सिलिका खूप जास्त, रंगाने फिका, लाव्हा घट्ट, काकवीसारखा सरकणारा. असे खांब जगात बहुतेक ठिकाणी बेसाल्टमध्ये दिसतात, या जातीच्या दगडात इतके रेखीव खांब कमी ठिकाणी आहेत, म्हणून तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक केलंय.

दुसरं म्हणजे वय. आपला बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा, डायनोसॉर संपले त्या काळातला. बेटाचा दगड त्याहून जवळपास २ कोटी वर्षं जुना, साडेआठ ते नऊ कोटींच्या दरम्यान. त्यावेळी भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटलेले होते, भारत विषुववृत्ताच्या खाली होता, हिमालय तर नव्हताच. दोघं फाटून वेगळे व्हायला लागले तेव्हा खालून तप्त द्रव्य वर आलं, त्याला मॅरियन हॉटस्पॉटशी, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येत राहतं अशा एका जागेशी, जोडतात, आणि त्याच घडामोडीतले त्याच सुमाराचे ज्वालामुखी खडक मादागास्करमध्येही सापडतात. म्हणजे आईंना सांगा, ज्या किनाऱ्यावर त्या उभ्या राहतील ती फाटलेल्या कापडाची एक कड आहे आणि दुसरी कड अरबी समुद्र आणि हिंदी महासागर ओलांडून पार आफ्रिकेच्या शेजारी आहे. मी पहिल्यांदा तिथं उभा राहिलो तेव्हा हेच डोक्यात होतं आणि मला बोलता येईना.

आता षटकोन का, हे तर मंगळवेढ्याच्या माणसाला शिकवायची गरजच नाही. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला भेगा पडतात ना, हात आत जाईल एवढ्या? माती वाळते, आकसते, पण बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून तडकते, आणि भेगा एकमेकींना भेटून पाच-सहा बाजूंचे तुकडे होतात. लाव्हा वाळत नाही, थंड होतो, पण आकसणं तेच. वरचा पृष्ठभाग आधी गार होतो, तिथं भेगा पडतात, मग जसजसा आतला भाग गार होत जातो तसतशी भेग खाली खाली उतरत जाते आणि खांब तयार होतो. तीन भेगा एका ठिकाणी भेटून त्यांच्यात १२० अंशाच्या आसपास कोन झाला की ताण सगळ्यात नीट मोकळा होतो, म्हणून सहा बाजूंचे खांब जास्त. पण पाच आणि सात बाजूंचे पण असतात, मोजायला सांगा. खांब नेहमी गार होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, त्यामुळे खांब तिरका दिसला की समजायचं गार होणारा पृष्ठभाग तिरका होता. आणि खांबांना आडव्या भेगा पण असतात, त्यामुळे काही खांब कडक भाकऱ्यांची चवड रचून ठेवल्यासारखे दिसतात.

अजून एक, गाडीने जाणार असाल तर खिडकीशेजारची जागा आईंना द्या. होटगी रोड यांनी सांगितलेला रस्ता म्हणजे चालता-बोलता भूगोलाचा तास आहे. विजापूरच्या पुढेपर्यंत काळी माती, आपलाच ट्रॅप. बागलकोटच्या आसपास ट्रॅप संपतो आणि जुने वालुकाश्म, चुनखडक लागतात, माती लाल व्हायला लागते. हुबळी-धारवाडकडे २५० कोटी वर्षांहून जुने धारवाडचे खडक. घाट उतरून किनाऱ्याला आलात की जांभा. वेळ असला तर कुमठ्याच्या आतल्या बाजूला याणाचे काळे सुळके आहेत, दिसायला ज्वालामुखीचे वाटतात पण तो चुनखडक आहे. मात्र तिथं चालणं आणि पायऱ्या आहेत, गुडघ्यासाठी नको.

ओहोटी बघून जा. पाणी उतरलेलं असलं की खांबांचे बुंधे उघडे पडतात, वाळू पण जास्त मिळते चालायला.

उडुपीची_सून
१५ ऑक्टोबर, दुपारी २:४४

माझं माहेर बाळीवेस, सोलापूर, आणि १६ वर्षं झाली उडुपीला नांदतेय, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

ताई, बेट फार मोठं नाही, जिथं बोट नेते ते नारळाचं बेट, लांबी पाचेकशे मीटर, रुंदीला त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं. आमच्या सासरी जुनी माणसं त्याला तोन्सेपार म्हणतात. अशी चार बेटं आहेत ओळीनं, उत्तर-दक्षिण, एकाचं नाव तर दर्याबहादूरगड आहे, ते आपल्याला एकदम घरचं वाटतं. सेंट मेरी हे नाव वास्को द गामावरून आलं असं सांगतात, १४९८ ला तो इथं थांबला, क्रूस उभा केला आणि मेरीचं नाव दिलं म्हणे.

खांब बघायला चढावं लागतं का, तर नाही. वाळूवरून आणि वाटेवरून चालत खांबांच्या अगदी जवळ जाता येतं, हात लावता येतो. पश्चिमेची बाजू आहे, जिथं लाटा आदळतात, तिकडच्या खडकावर मात्र जाऊ देऊ नका, शेवाळ असतं आणि लाट कधी वर येईल सांगता येत नाही. तिथं माणसं गेलेली आहेत, फोटो काढता काढता. गार्ड शिट्टी मारतात, त्यांचं ऐका. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडून आलेल्या माणसांना समुद्राची सवय नसते, उजनीचं पाणी बघितलेलं असतं आणि वाटतं हे पण तसंच.

पावसाळ्यात बोटी बंद असतात, डिसेंबर एकदम योग्य. पण ऊन डिसेंबरात पण लागतं, घाम येतो, सोलापूरचं ऊन कोरडं, इथलं चिकट. टोपी, पाणी, आणि एक छोटी फोल्डिंगची खुर्ची बरोबर न्या! हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या आईला खाली बसता येत नाही ना, मग खांबांसमोर खुर्ची टाकून द्या आणि त्यांना तासभर एकटं बसू द्या.

दगडाचा तुकडा, शिंपले उचलून आणू नका. कचरा परत आणा. नेणारे खूप आहेत आणि बेट एवढंसं आहे.

समुद्र त्या दिवशी खवळलेला असला आणि बोट नाही सुटली तर? म्हणून एक दिवस जास्तीचा ठेवा. उडुपीत तो वाया जात नाही. कृष्ण मठात जा, तिथं दर्शन नऊ भोकांच्या खिडकीतून होतं, आणि कनकाची खिडकी बघा, कनकदास या कन्नड संताला आत घेतलं नाही म्हणून देव पश्चिमेकडे वळला आणि भिंत फुटली अशी कथा आहे. आपल्या पंढरपूरच्या चोखोबाची आठवण येते मला दर वेळी. ती कृष्णाची मूर्तीच मुळात मलपेच्या समुद्रातून आलीय असं मानतात, वादळात सापडलेलं जहाज मध्वाचार्यांनी वाचवलं आणि नाखव्याने दिलेल्या गोपीचंदनाच्या गोळ्यात मूर्ती निघाली. तर आईंना आधी देव आणि मग बेट असं केलं तरी एकाच समुद्राची गोष्ट होईल.

भाषेचं म्हणाल तर घरात कोणाला अक्कलकोटकडची कन्नड येत असेल तर ती इथं समजते, पण लोक हसून बघतात, कारण बोली वेगळी आहे, आणि आपसात सगळे तुळू बोलतात. हिंदी चालते.

ज्वारीचं_कणीस
१५ ऑक्टोबर, रात्री ८:२०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दगडमाती सर, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. भेगांचं आलं तिथं तिने मला थांबवलं आणि म्हणाली परत वाच. मग म्हणाली, हे मी कधी मुलांना सांगितलं नाही गं, शाळेच्या मागेच तर रान होतं, उन्हाळ्यात नेऊन दाखवता आलं असतं. आणि रायोलाइट हे तिला माहीत नव्हतं, ती बेसाल्टच शिकवत आली, पुस्तकात तसंच होतं म्हणते. तिने वहीत लिहून घेतलं.

एक विचारायचं राहिलं, बोट बदलताना उचलून घेतात तेव्हा ऑपरेशनच्या गुडघ्यावर भार कोणत्या पायाचा येतो, म्हणजे कोणता पाय आधी टाकायचा? विचित्र प्रश्न आहे पण मला तेच डोळ्यासमोर येतंय सारखं.

होटगी_रोड
१५ ऑक्टोबर, रात्री ९:०२

विचित्र नाही, बरोबर प्रश्न आहे. आम्हाला फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलेलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पण मोठ्या बोटीतनं होडीत जाताना ते उतरणं असतंय आणि खाली हलतं असतं, त्यामुळं तुमच्या फिजिओला एकदा विचारून घरीच जिन्याच्या खालच्या पायरीवर सराव करून घ्या, दोघांनी दंड धरून. आम्ही पंधरा दिवस केला. वडिलांची भीती तिथंच गेली.

आणि बोट डुलते तेव्हा उभं राहू देऊ नका, बसूनच कडेला सरकायचं.

भटक्या_सोलापुरी
१५ ऑक्टोबर, रात्री ९:४७

दगडमाती सर, मी तिथं गेलो होतो आणि यातलं काहीच माहीत नव्हतं. फिका रंग होता हे पण आत्ता फोटो काढून बघितल्यावर लक्षात आलं. परत जाईन. ताई, माझं पहिलं मत मागे घेतो, न्याच त्यांना.

ज्वारीचं_कणीस
२१ डिसेंबर, रात्री १०:१५

जाऊन आलो! कालच परत आलो, पाय दुखतायत पण आधी इथं लिहितेय कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत.

गाडीनेच गेलो, हुबळीला मुक्काम. आई पूर्ण रस्ता खिडकीत. विजापूर मागे पडलं तशी ती माती बघत होती आणि बागलकोटच्या अलीकडं एका ठिकाणी भावाला म्हणाली गाडी थांबव. उतरली, रस्त्याच्या कडेला एका हातात काळ्या मातीचं ढेकूळ घेतलं, पुढं काही किलोमीटरवर परत थांबायला लावून लाल माती घेतली, दोन्ही तळव्यांवर ठेवून मला दाखवली. वर्गात दाखवायची तशीच, हात थोडे वर करून, मागच्या बाकावरच्याला पण दिसावं म्हणून. तिथं आम्ही दोघंच होतो.

एक दिवस जास्तीचा ठेवलेला उपयोगी पडला. पहिल्या दिवशी गेलो तोवर मलपेला शाळेच्या सहलीच्या चार बस आलेल्या, गर्दी बघून मीच नको म्हणाले, मग सी वॉकवर बसलो, तिथून समुद्र बघितला, आईने दोन तास काढले. दुसऱ्या दिवशी मंगळवार, पहिली बोट, ओहोटी. घरी पायरीवर तीन आठवडे सराव केला होता, तरी बोट बदलताना माझेच हात थरथरत होते. बोटीवरच्या एका मुलाला आधी सांगितलं होतं, त्याने आईला अज्जी म्हणून हाक मारली, दुसऱ्याने मागनं कमरेला धरलं आणि ती होडीत बसली पण. पाणी पोटरीपर्यंत आलं वाळूवर उतरताना. सँडलचा सल्ला बरोबर होता.

मग पुढचं कसं सांगू कळेना. वाटेने शंभर-दीडशे पावलं गेलो असू, आणि समोर खांब. माणसाच्या वर जाणारे, एकाला एक टेकून, काही सरळ, काही एका बाजूला कललेले. आई थांबली. मला वाटलं गुडघा दुखला. ती पुढं गेली आणि पहिल्या खांबाच्या एका कडेवर तळवा ठेवला, मग दुसऱ्या कडेवर, असं हाताने चाचपत मोजायला लागली, पुटपुटत, एक, दोन, तीन. पहिला सहाचा निघाला. दुसरा पाचचा. पुढं दोन सहाचे. एक खांब असा होता की त्याची एक बाजू चार बोटांएवढीच अरुंद, ती बाजू धरायची की नाही यावर तिचं आणि भावाचं वाजलं, शेवटी ती म्हणाली भेग आहे म्हणजे बाजू आहे, सात. वहीत तिने २३ खांबांची नोंद केलीय, त्यात १२ सहाचे, ८ पाचचे, ३ सातचे. दगडमाती सर, हे तुमच्यासाठी.

खुर्ची टाकून दिली नारळाच्या सावलीत. ती बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, फळ्यावर मी सगळे सारखे काढायचे गं, इथं एक पण दुसऱ्यासारखा नाही.

आम्ही दुसऱ्या बोटीने परत यायचं ठरवलं होतं, पाचव्या बोटीने आलो. वर तुटलेल्या काही खांबांच्या माथ्यावर वाटीसारखे खळगे आहेत, त्यात भरतीचं पाणी साठलेलं होतं आणि एका वाटीत बोटाच्या पेराएवढा खेकडा होता, तिने तो पण वहीत काढलाय. पश्चिमेच्या खडकाकडं आम्ही गेलो नाही, लांबूनच लाटा बघितल्या. मादागास्कर कुठल्या बाजूला येईल म्हणून ती भावाला विचारत होती, त्याने मोबाईलवर दिशा काढून दाखवली, नैर्ऋत्येला. तिकडं तोंड करून उभी राहिली थोडा वेळ.

संध्याकाळी कृष्ण मठात गेलो. कनकाच्या खिडकीपाशी उडुपीच्या सूनबाईंची आठवण काढली. तुम्हाला भेटायला जमलं नाही, पुढच्या वेळी नक्की, शेंगाची चटणी आणलेली होती तुमच्यासाठी, ती हॉटेलवाल्या काकांना दिली, त्यांना पण आवडली.

गुडघ्याचं म्हणाल तर त्या रात्री थोडी सूज आली, बर्फ लावला, सकाळी उतरली. परत येताना मुर्डेश्वरला गाडीतूनच नमस्कार केला, पायऱ्या टाळल्या. कोणाच्या घरी असं माणूस असेल तर माझ्याकडून एवढंच, सराव, सँडल, खुर्ची आणि जास्तीचा एक दिवस, यातलं एक पण सोडू नका.

दगडमाती
२१ डिसेंबर, रात्री १०:५८

२३ पैकी १२ सहाचे. मी विद्यार्थ्यांना नेतो तेव्हा पण सहाचेच सगळ्यात जास्त भरतात, पाचचे त्यांच्या मागे. आईंना माझा नमस्कार सांगा. त्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला तर माझ्या वर्गात लावीन, नाव घालायचं की नाही ते त्यांना विचारा.

त्यांना आता आपल्या बेसाल्टचे खांब पण दाखवा, तुलना होईल. मुंबईला अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे, ६० मीटरच्या आसपास उंच, सगळी इमारतींनी वेढलेली, पण काळ्या बेसाल्टचे उभेच्या उभे खांब आहेत आणि वय साधारण आपल्या दख्खनचंच. वर गावदेवीचं मंदिर आहे, पण खांब बघायला वर चढायची गरज नाही, खालून दिसतात. सोलापूरहून एका रात्रीचा प्रवास.

ज्वारीचं_कणीस
२२ डिसेंबर, सकाळी ६:४०

सर, रात्रीच वाचून दाखवलं. फोटो पाठवते, ती म्हणते नाव नको, फक्त मंगळवेढा लिहा.

आणि सकाळी उठून बघते तर हिने सिद्धेश्वरच्या तिकिटाचं भावाला सांगून पण टाकलंय. तर आता मुंबईकरांना विचारते, दादरला उतरून अंधेरीला लोकलने जायचं की सरळ टॅक्सी करायची? सकाळच्या लोकलला गर्दीत तिला चढवायची माझी हिंमत नाही. आणि गिल्बर्ट हिलच्या पायथ्याला रिक्षा कुठपर्यंत जाते, खुर्ची टाकायला जागा आहे का तिथं?